शनिवारी निरोप, रविवारी नारळ

हे प्रकरण मुंबईतल्या एका लहान नाट्यसंस्थेचं आहे. डिसेंबर २०२३ मधल्या दुसऱ्या शनिवारी रात्री संस्थेने आपलं चालतं नाटक थांबवलं आणि लगेच रविवारी दुपारी चार वाजता नव्या नाटकाचा शुभारंभ केला. मी तेव्हा संस्थेचं बुकिंग, जाहिराती आणि हिशेब बघत होतो. खाली ज्या चुका येतील त्यातल्या दोन ठळक चुका माझ्या आहेत. माणसांची, नाटकांची आणि नाट्यगृहांची नावं गाळली आहेत. ओळखणारे ओळखतीलच, त्याला इलाज नाही.

पार्श्वभूमी

मराठी व्यावसायिक नाटक एका नाट्यगृहात मुक्काम ठोकून राहत नाही. आज ठाणे, उद्या दादर, पुढच्या शनिवारी पुणे, मधल्या वारी एखादा कॉन्ट्रॅक्ट शो, म्हणजे एखाद्या मंडळाने किंवा संस्थेने ठरलेल्या रकमेला विकत घेतलेला अख्खा प्रयोग. नाट्यगृहाचा दिवस सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन सत्रांत वाटलेला असतो. एका नाटकाचा सेट मागच्या दाराने टेम्पोत चढत असतो तेव्हा दुसऱ्याचा सेट त्याच दाराशी वाट बघत उभा असतो. तारखा काही महिने आधी वाटल्या जातात, आणि शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांचाच डोळा असतो, कारण धंदा त्या दोन दिवसांचाच.

या पद्धतीमुळे आपल्याकडे नाटकाला शुभारंभ असतो, शेवट मात्र बहुधा नसतो. शंभरावा, दोनशेवा, पाचशेवा प्रयोग जाहिरातीत मोठ्या टाइपात येतो. शेवटचा प्रयोग शेवटचा होता हे सहसा नंतर कळतं. आधी महिन्याला दहा प्रयोग असतात, मग सहा, मग दोन, आणि एके दिवशी जाहिरातींच्या पानावर ते नाव दिसत नाही. प्रेक्षक बुकिंगच्या खिडकीवर विचारतो, आतला माणूस म्हणतो, "सध्या नाही लागत." या 'सध्या'वर कित्येक नाटकं वर्षानुवर्षं जगतात.

'बंद' हा शब्द या धंद्यात कुणी तोंडातून काढत नाही. वाणी संध्याकाळी दुकान 'वाढवतो', तशी आमच्याकडची जुनी माणसं नाटक 'वाढवतात'. आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे काका म्हणतात, या लाइनीत चाळीस वर्षं आहेत. "नाटक बंद झालं" असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलेलं नाही.

ज्या नाटकाबद्दल हे सगळं आहे ती एक कौटुंबिक विनोदी गोष्ट होती. पाच पात्रं, एक घर, मधोमध नऊ पायऱ्यांचा जिना. करोनाचे निर्बंध उठले त्या २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास ते रंगभूमीवर आलं. लोक घराबाहेर पडायला आसुसलेले होते, त्याचा फायदा मिळाला. वीस महिन्यांत दोनशेच्या वर प्रयोग झाले. वडिलांची भूमिका करणारे ज्येष्ठ नट, आमचे आप्पा, हे त्या नाटकाचं खरं भांडवल. मुलीची भूमिका करणारी नटी तरुण होती आणि या नाटकानेच तिला नाव मिळालं.

अडचण

२०२३ च्या गणपतीनंतर बुकिंग उतरलं. दिवाळीपर्यंत अशी स्थिती आली की शेवटच्या आठ जाहीर प्रयोगांपैकी पाच तोट्यात गेले होते. तोटा फार मोठा नव्हता, पण तो भरून काढणारा कॉन्ट्रॅक्ट शोही दर महिन्याला मिळत नव्हता.

त्याच वेळी नवं नाटक तयार होत आलं होतं. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं होतं, तालमी दिवाळीआधीच सुरू झाल्या होत्या. निर्मात्या, म्हणजे आमच्या ताई, यांनी दोन्ही नाटकांचा खर्च वेगळा मांडला होता. तरी तीन गोष्टी दोन्हींत सामाईक राहिल्याच.

पहिली गोष्ट माणसं. मुलगी करणारी नटी नव्या नाटकात मुख्य भूमिकेत होती आणि जुन्यात तिच्या भावाची भूमिका करणारा नट इथे तिचा नवरा होता. दुसरी गोष्ट बॅकस्टेजची सहा मुलं आणि टेम्पो. तिसरी गोष्ट जिना. नव्या नाटकाच्या नेपथ्यातही जिना होता, आणि नेपथ्यकाराने पैसे वाचवायला सुचवलं की तोच जिना उलटा फिरवून आणि रंग बदलून वापरू. हिशेब मीच बघत असल्यामुळे मला ही कल्पना फारच आवडली.

हातात तारखा दोनच होत्या. शनिवारची रात्र ठाण्याला आणि रविवारची दुपार दादर-परळ भागात. दोन्ही तारखा मुळात जुन्या नाटकासाठी मागितलेल्या. त्यानंतरची चांगली तारीख थेट जानेवारीच्या शेवटी होती, आणि तोवर नव्या नाटकातला एक नट मालिकेच्या चित्रीकरणात अडकणार होता.

समोर असलेले पर्याय

बैठक ताईंच्या घरी झाली. ताई, दिग्दर्शक, काका आणि मी. आप्पांना बोलावलं नव्हतं. ते नव्या नाटकात नाहीत, मग त्यांचा काय संबंध, असा तो विचार होता. तसं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

जुनं नाटक चालू ठेवून नवं फेब्रुवारीवर ढकलायचं, हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. मालिकेतला नट गेला असता आणि तालमींचे पैसे पाण्यात.

दोन्ही नाटकं समांतर चालवायची, यावर मात्र बराच वेळ गेला. मोठ्या संस्था हे करतात. त्यासाठी दुसरा जिना करावा लागला असता, जुन्या नाटकात दोन बदली कलाकार उभे करावे लागले असते आणि बॅकस्टेजला आणखी तीन-चार मुलं. नेपथ्यकाराने दुसऱ्या जिन्याचा अंदाज अडतीस हजार रुपये दिला. तोट्यातल्या नाटकासाठी अडतीस हजार कशाला, असं मी म्हणालो. माझी पहिली चूक ती. त्या जिन्याकडे मी जुन्या नाटकाचा खर्च म्हणून बघत होतो. तो खरं तर नव्या नाटकाचा विमा होता.

तिसरा पर्याय काकांचा. त्यांचं म्हणणं साधं होतं: काही जाहीर करू नका, रविवारी नवं नाटक लावा आणि जुन्याच्या तारखा हळूहळू मागणं सोडा. "पेपरात निरोप छापला की कॉन्ट्रॅक्टवाले फोन करायचे थांबतात. गावोगावच्या मंडळांना वाटतं, सेट मोडला, माणसं पांगली. नाटक झाकून ठेवलं तर वर्षभराने पण दोन सुपाऱ्या मिळतात." हा चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेला मुद्दा होता आणि पुढे तो वेगळ्याच रीतीने खरा ठरला.

चौथा पर्याय दिग्दर्शकाने मांडला आणि मी उचलून धरला. शनिवारचा प्रयोग 'निरोपाचा प्रयोग' म्हणून जाहीर करायचा. दिग्दर्शकाने ब्रॉडवेचं उदाहरण दिलं. तिथे 'द फँटम ऑफ द ऑपेरा' थांबणार असं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं, शेवटची तारीख फेब्रुवारी २०२३ ची ठरली, आणि बातमी फुटताच तिकिटं अशी खपली की मुदत आठ आठवडे पुढे न्यावी लागली. १६ एप्रिल २०२३ च्या रविवारी १३,९८१ वा प्रयोग झाला आणि मगच पडदा पडला. "लोक नाटक बघायला येतील न येतील, निरोप द्यायला नक्की येतात," असं तो म्हणाला.

काकांनी विचारलं, "तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जिन्यावर दुसरं नाटक होतं का?" आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

तिकिटाच्या दरावरही चर्चा झाली. निरोपाचा प्रयोग आहे तर पुढच्या रांगा सातशेला विकाव्यात, असं ताईंना वाटत होतं. नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, पाचशेच्या वर गेलं की १८ टक्के. सातशेचं तिकीट करासकट धरलं तर हातात साधारण ५९३ रुपये उरतात. म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून दोनशे जास्त काढून आपल्याला त्र्याण्णवच मिळणार, आणि वर 'शेवटी लुटलं' हा शिक्का. दर पाचशेवरच ठेवला. हा निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन.

ठरलं आणि केलं

चौथा पर्याय ठरला. मंगळवारी जाहिरात दिली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रातल्या जागेसाठी जे पैसे होते त्यातला मोठा चौकोन निरोपाला गेला आणि शुभारंभाला त्याच्या निम्मा. माझं गणित असं होतं की लोक निरोपाची जाहिरात बघतील, खाली शुभारंभही दिसेल. ही दुसरी चूक.

नव्या नाटकासाठी एक गोष्ट मात्र नीट केली. रविवारी दुपारच्या सत्राआधी सकाळच्या सत्रात दुसऱ्या कुणाचा प्रयोग असता तर आमचा सेट दीड-दोन वाजेपर्यंत आत जाऊ शकला नसता. सुदैवाने ते सत्र रिकामं होतं. ताईंनी त्याचंही भाडं भरलं आणि नाट्यगृह सकाळी नऊपासून आमच्या ताब्यात आलं. शुभारंभाला दोन सत्रांचं भाडं ही चैन वाटते. पुढे जे झालं ते पाहता ती भाकरी होती.

राहिले आप्पा. त्यांना कुणी सांगायचं, यावर ताई आणि दिग्दर्शक दोन दिवस एकमेकांकडे बघत राहिले. बुधवारी सकाळी जाहिरात छापून आली तेव्हा आप्पा त्यांच्या घराजवळच्या पेपरवाल्यापाशी उभे होते. ताईंचा फोन गेला तो दहा वाजता.

नारळाचे आमच्याकडे दोन प्रकार. एक पडद्यापुढे वाढवायचा, दुसरा माणसाच्या हातात द्यायचा. आप्पांना आम्ही नारळ दिला नव्हता, नाटकच थांबत होतं. पण महिन्याला आठ-दहा नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळवणाऱ्या माणसाला दोन्हींतला फरक कसा दिसणार? फोनवर ते एवढंच म्हणाले, "प्रयोग करीन. मन लावून करीन. पण ताई, मला हे पेपरातनं कळायला नको होतं."

शनिवारची रात्र

शुक्रवारी संध्याकाळी हाऊसफुल्लचा बोर्ड बाहेर काढला. वर्षभर धूळ खात पडलेला तो बोर्ड काकांनी स्वतः पुसला.

प्रयोग उत्तम झाला असं मी म्हणणार नाही. तो सैल झाला. प्रत्येक वाक्याला टाळ्या येत होत्या, नट त्यासाठी थांबत होते आणि ओळखीच्या जागा आधीच हसून घेणारे प्रेक्षक पुढच्या जागा खाऊन टाकत होते. मध्यंतरात बटाटेवडे संपले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून मुलीशी बोलतात तो प्रसंग मात्र असा झाला की विंगेत उभी असलेली आमची मुलं सामान आवरायचं विसरली.

साडेआठचा प्रयोग सव्वाअकराला संपायला हवा होता, संपलाही. पडदा मात्र पडला नाही. आप्पा बोलले, ताई बोलल्या, लेखक बोलले. मग प्रेक्षक रंगमंचावर आले, जिन्यावर बसून फोटो काढू लागले. एक आजी नऊ पायऱ्या चढून वर गेल्या आणि वरून खाली बघत म्हणाल्या, "अगंबाई, इथे काहीच नाहीये." जिना वरती कुठेच जात नव्हता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

हे सगळं होत असताना मी घड्याळ बघत होतो आणि कुणाला थांबवायचं धाडस होत नव्हतं. सेट उतरवायला सुरुवात झाली ती बारा वाजून गेल्यावर. नाट्यगृहाचं जादा वेळेचं भाडं भरलं. टेम्पो निघाला तेव्हा पावणेदोन झाले होते. गोदामात पेंटर बारापासून वाट बघत बसला होता.

त्याआधी, साधारण एक वाजता, मागच्या दाराच्या पायऱ्यांवर चहा घेताना खरा कसोटीचा क्षण आला. तिकीटविक्रीचा आकडा डोळ्यांसमोर होता. दोन नाट्यगृहांतून निरोप आले होते की जानेवारीत एखादी सुटलेली तारीख मिळू शकेल, अजून पाच प्रयोग लावा. कालपर्यंत नाटक झाकून ठेवायला सांगणारे काकाच म्हणाले, "ताई, वाढवा."

ताईंनी विचारलं, "कोणत्या अर्थाने?"

नाटक वाढवणं म्हणजे संपवणं, आणि वाढवणं म्हणजे लांबवणंही. काकांना दुसरा अर्थ अभिप्रेत होता. ताईंनी नाही म्हटलं. "आजी वरपर्यंत चढून गेल्या, त्यांना काय सांगू? परत या म्हणून?" हे कारण भावनेचं वाटेल, पण त्यात हिशेबही होता. निरोपाला जमलेली गर्दी नाटकाची नसते, त्या एका रात्रीची असते. पुढच्या पाच प्रयोगांपैकी दोन भरले असते, तिसऱ्यापासून पुन्हा तोच उतार.

रविवार

जिन्याचा मूळ रंग पॉलिश केलेल्या लाकडाचा होता आणि नव्या नाटकाला राखाडी हवा होता. पायऱ्यांवर डिस्टेंपर मारला, तो सकाळपर्यंत वाळला. कठड्याच्या पॉलिशवर डिस्टेंपर धरेना, म्हणून पेंटरने तिथे ऑइल पेंट लावला. पहाटे पाच वाजता. डिसेंबरच्या गारव्यात तो दुपारी चारला वाळलेला असेल अशी आशा धरण्याखेरीज कुणाच्या हातात काही नव्हतं.

सकाळी नऊला नाट्यगृह मिळालं पण मुलं रात्रभर जागी होती. सेट उभा राहायला बारा वाजले, दिवे लागायला पावणेदोन. तांत्रिक तालीम दोनला सुरू झाली आणि पहिल्या अंकावरच थांबवावी लागली. साडेतीनला दारं उघडायची होती. दुसरा अंक त्या जिन्यावर, त्या दिव्यांत, कुणी एकदाही केलेला नव्हता.

पावणेचारला नटराजाची पूजा झाली, नारळ वाढवला. पंधरा तासांत 'वाढवणे' या एकाच क्रियापदाने आमच्याकडे तीन वेगळी कामं केली.

प्रेक्षागृह भरलं नव्हतं. साधारण नऊशे आसनांपैकी सव्वापाचशे भरली होती, त्यातले दीडशे पासवाले. मुंबई-ठाण्यातला जो प्रेक्षक महिन्यातून एक नाटक बघतो त्याने ते शनिवारी बघितलं होतं. आम्हीच त्याला तिकडे पाठवलं होतं, मोठ्या चौकोनातून.

पहिल्या अंकात नायिका जिन्यावरून उतरली आणि तिचा पदर कठड्याला चिकटला. तिने तो न बघता ओढला. पदरावर राखाडी पट्टा उठला आणि तो अंकभर दिसत राहिला. पुढच्या रांगेतल्या एक बाई मध्यंतरात म्हणत होत्या की साडीचं डिझाइन फार वेगळं आहे.

खरं संकट दुसऱ्या अंकात आलं. नायिका जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहते, एक हात कठड्यावर ठेवून खाली येते आणि नवऱ्याला सांगते की ती घर सोडून चालली आहे. ती उभी राहिली, हात ठेवला, तीन पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा चहा..."

तिथेच थांबली. हे वाक्य जुन्या नाटकातलं होतं. तिथे ती दर प्रयोगात याच जिन्याच्या याच पायरीवर ते म्हणायची, दोनशेहून अधिक वेळा म्हणून झालेलं. नव्या नाटकात बाबा नावाचं पात्रच नाही.

नवऱ्याची भूमिका करणारा नट दोन्ही नाटकांत होता, म्हणून ते वाक्य कुठून आलं हे त्याला क्षणात कळलं. मान वर न करता तो म्हणाला, "बाबांना जाऊन वर्ष झालं." प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मग ती सावरली आणि पुढचं वाक्य म्हणाली.

प्रयोगानंतर दोन जणांनी दिग्दर्शकाला सांगितलं की ती जागा फार सूचक लिहिली आहे. दिग्दर्शक 'हो' म्हणाला आणि आत जाऊन भिंतीला पाठ टेकून बराच वेळ उभा राहिला.

पुढे काय झालं

शनिवारच्या उत्पन्नातून जादा भाडं, जास्तीच्या जाहिराती आणि मुलांचा रात्रपाळीचा भत्ता वजा केला तरी बरी रक्कम उरली. रविवारच्या तुटीत त्यातली बहुतेक गेली. समीक्षणं आली ती सभ्य होती, पण प्रयोग अजून बसायचा आहे हा सूर सगळ्यांत होता. पाचव्या-सहाव्या प्रयोगापासून तो खरंच बसला. पण शुभारंभाला आलेला लिहिणारा माणूस सहाव्या प्रयोगाला परत येत नाही.

जुन्या नाटकाचं प्रकरण मात्र शनिवारी मिटलं नाही. सोमवारी काकांनी आपली डायरी उघडली. जानेवारीत एका सहकारी बँकेच्या वर्धापनदिनाचा कॉन्ट्रॅक्ट शो त्यांनी दिवाळीआधी तोंडी कबूल केला होता आणि आगाऊ रक्कमही घेतली होती. ती पेटीत जमा होती, पण माझ्या वहीत ती 'इतर' म्हणून लागली होती. निरोप जाहीर करण्याआधी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायला हव्या होत्या. बैठकीत काकांनाही ते आठवलं नाही. त्यांच्या मते नाटक बंद होतच नसल्यामुळे त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं.

पैसे परत करायचे की प्रयोग करायचा? बँकेने सभासदांना पत्रिका वाटल्या होत्या. प्रयोग केला. फक्त सभासदांसाठी होता, तिकीटविक्री नव्हती, त्यामुळे जाहीर प्रयोग संपले हे आमचं म्हणणं शब्दशः खरं राहिलं. एका सभासदाने फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि निरोपाला आलेल्यांपैकी दोघांनी मला लिहिलं: आम्ही डोळे पुसून घरी गेलो आणि तुम्ही महिन्याने परत उभे? मी लांबलचक उत्तर लिहिलं, ते पुसलं आणि फक्त क्षमा मागितली.

त्या प्रयोगाला जिना राखाडीच होता. परत रंगवायला वेळ नव्हता आणि नव्या नाटकाला पुढच्या शनिवारी तोच लागणार होता. आप्पा मेकअप करून रंगमंचावर आले, पहिल्या पायरीवर बसून बघितलं आणि म्हणाले, "हा आपला जिना नाही." आम्ही म्हटलं, तोच आहे. त्यांनी मान हलवली. प्रयोग त्यांनी मन लावूनच केला.

नवं नाटक पुढे साठ-पासष्ट प्रयोग चाललं. त्याचा शेवटचा प्रयोग नेमका कोणता, ते त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हतं. ते काकांच्या पद्धतीने थांबलं.

वेगळं काय करता आलं असतं

जाहीर निरोपाचा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. चुकलं ते त्याला शुभारंभ जोडणं. निरोप आणि शुभारंभ यांत किमान दोन आठवडे हवे होते. शनिवारची तारीख एखाद्या संस्थेशी बदलून नोव्हेंबरच्या अखेरीस घेता आली असती का, हे मी विचारलंच नाही. तारखांची अदलाबदल या धंद्यात रोज होते. दोन तारखा सलग मिळाल्या हाच शुभशकुन समजून आम्ही पुढे गेलो.

जिन्याबाबत आम्ही वेळ आणि पैसा तोलला. देह तोलला नाही. नट वाक्य डोक्याने पाठ करतो खरं, पण दोनशे प्रयोगांनंतर ते पायरीत आणि कठड्यात जाऊन बसतं. सामाईक नटीला सामाईक जिन्यावर सोळा तासांच्या अंतराने उभं करणं हा धोका बैठकीत कुणीही मांडला नाही, दिग्दर्शकानेही नाही. दुसरा जिना करायला हवा होता. तो परवडतच नसेल तर निदान कठडा वेगळा करायला हवा होता, चार-पाच हजारांत झाला असता. ओला रंगही टळला असता.

आप्पांना बैठकीलाच बोलवायला हवं होतं. त्यांनी कदाचित विरोध केला असता. कदाचित त्यांनीच सांगितलं असतं की भाषणं प्रयोगाआधी उरका, नंतर कुणी आवरत नाही. पूर्वी निरोपाचे प्रयोग कसे झाले हे आमच्यात फक्त त्यांनी आणि काकांनी बघितलं होतं. एकाला बोलावलं नाही आणि दुसऱ्याचं ऐकलं नाही.

जाहिरातीचा चौकोन उलट असायला हवा होता. निरोप तोंडातोंडी पसरतो. नव्या नाटकाला मात्र कुणी ओळखत नसतं.

सोमवारच्या प्रकारानंतर संस्थेत डायरी एकच ठेवायचं ठरलं. ती माझ्याकडे असते. तारीख, आगाऊ रक्कम, कोणतं नाटक, सगळं तिच्यात येतं. काका त्यांच्या नोंदी अजूनही पेन्सिलने करतात.